मंगळवारी काढलेली केबल

मित्रांनो, मी एक जुना ब्लेड सर्व्हर, म्हणजे पातळसा संगणक आहे. नावात ब्लेड असलं तरी दाढी करायला माझा काडीचाही उपयोग नाही. कपाटात जाडजूड पुस्तकं उभी असावीत, तसे आम्ही आठ जण एका लोखंडी खोक्यात उभे असतो. कारखान्यात माझी कसून तपासणी झाली आणि मग मला एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात आणलं. तिथल्या थंडगार खोलीत दोन खोकी एकावर एक होती. वरच्या खोक्यातल्या सगळ्यांना कामं होती. मी खालच्या खोक्यात शेवटच्या जागी, राखीव म्हणून.

आम्हाला काम मिळतं ते प्रोफाइलमुळे. प्रोफाइल म्हणजे आमची ओळख. नाव काय, पत्ता काय, कोणकोणत्या नेटवर्कशी बोलायचं, ते सगळं त्यात असतं. एकाची ओळख काढून दुसऱ्याला देताही येते; नोंदी सगळ्यांच्या सामायिक साठ्यात असतात, त्यामुळे त्या ज्याला ओळख मिळेल त्याला उघडता येतात. मला चार वर्षं कसलीच ओळख नव्हती. मी नुसता वारा खात उभा होतो. काम हवंसं वाटायचं आणि त्याची धास्तीही वाटायची.

त्या खोलीत दोघांचाच वावर असे. एक केबलवाले काका. बावीस वर्षं त्यांनी तिथल्या केबली सांभाळल्या होत्या, पण कोणाला बोट ठेवायला जागा मिळाली नव्हती. दुसरी, सहा महिन्यांपूर्वी आलेली इंजिनिअर. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची, तरी स्वतःवर तिचा भरवसा नव्हता.

एका मंगळवारी नव्या एक्स-रे यंत्रासाठी काकांना केबल कमी पडली. त्यांनी आमच्या खोक्यामागची, रक्तपेढीच्या नेटवर्कची केबल काढून नेली. खालच्या खोक्यात तेव्हा तिची कोणालाच गरज नव्हती. "उद्या दुसरी लावतो," असं ते पुटपुटले. पण ते राहिलं, आणि वहीत लिहायचंही राहिलं. माझ्या पाठीमागेच घडल्यामुळे मला ते ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी वरच्या खोक्यातला, रक्तपेढीच्या नोंदी सांभाळणारा सर्व्हर अडखळू लागला. बंद पडायचा, पुन्हा शुद्धीवर यायचा. तेवढ्यात फोन खणखणला. इंजिनिअरने स्पीकर लावला. रक्तपेढीतल्या बाई होत्या.

"बाळंतीण आहे, रक्त थांबत नाहीये! तिच्या गटाच्या तीन पिशव्या आहेत, पण तपासून झालेली कोणती, ते नोंद बघितल्याशिवाय कसं कळणार? अंदाजाने नाही हो देता येत!"

"दहा मिनिटं द्या," इंजिनिअर म्हणाली.

"आत्ता क्षणभर उघडलं होतं. थांबून बघू का?"

"नको, तो पुन्हा दगा देईल. त्याची ओळख मी दुसऱ्याला देते."

एकाच नावाचे दोन सर्व्हर एका वेळी चालू राहिले तर मोठा गोंधळ होतो. म्हणून तिने आधी त्याला पूर्ण बंद केलं. तो पुन्हा उठेल याची खात्री नव्हती. आता सगळी भिस्त माझ्यावर.

माझे पंखे घोंघावले. त्याचं नाव माझं झालं, पत्ता माझा झाला. मी जागा झालो. पडद्यावर बाकीची कनेक्शनं हिरवी झाली. रक्तपेढीचं मात्र लाल!

"कुठे चुकले मी?" ती स्वतःशीच म्हणाली. तिने नेटवर्कचं नाव पाहिलं, क्रमांक पाहिला. प्रोफाइल काढून पुन्हा बसवलं. तरी लालच.

"झालं का हो?" फोनवरून आवाज आला.

"माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली.

काका दारातच उभे होते. चेहरा पांढराफटक. त्यांना आठवलं होतं, ते मला दिसत होतं. काका, बोला ना! माझा जीव नुसता कासावीस झाला. पण लुकलुकणाऱ्या दिव्यांनी मी काय सांगणार?

"मॅडम," काका अखेर म्हणाले, "तुमचं काही चुकलेलं नाही. ती केबल मी काढलीय. मंगळवारी. कुठे लिहिलं नाही."

ती लगेच त्यांच्याकडे वळली. "दुसरी आहे?"

"आहे."

"मग लावा, काका. लवकर!"

दुखरे गुडघे टेकून काका आमच्या मागे शिरले. खट्ट आवाज झाला, आणि रक्तपेढी माझ्याशी बोलू लागली.

"उघडलं! मधली पिशवी!" बाई ओरडल्या. फोन तसाच टाकून त्या धावत सुटल्याचं आम्हाला ऐकू आलं.

संध्याकाळी त्या स्वतः खाली आल्या. "आई आणि बाळ, दोघंही ठीक आहेत," एवढं सांगून गेल्या. काका स्टुलावर बसले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

"तुम्ही स्वतःला दोष देत होतात आणि मी गप्प उभा होतो, मॅडम. लोक काय म्हणतील याचीच भीती वाटली."

"पुढच्या वेळी पहिल्या मिनिटाला बोला," ती म्हणाली. मग तिने त्यांच्यापुढे पाण्याची बाटली धरली.

त्यालाही आता सहा वर्षं झाली. माझं कौतुक दोन दिवस झालं, मग सगळे विसरले. आता माझे पंखे घरघरतात. पुढच्या महिन्यात माझी ओळख एका नव्या सर्व्हरला मिळेल. त्याचं कसं होईल, ही काळजी मला आत्तापासून लागली आहे.

मित्रांनो, आमची निगा राखणं म्हणजे नुसती धूळ पुसणं नव्हे. तुम्ही काही काढलंत, हलवलंत, बदललंत, तर लगेच लिहा. लिहायचं राहिलं, तर निदान सांगा. आम्हाला सगळं ठाऊक असतं, पण बोलता येत नाही. तुम्हाला येतं.