ट्यूबलाइटखालचा फोटो

लातूरच्या क्लासच्या गल्लीत लेकीचा फ्लेक्स पाहिला आणि सरजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महामायाचा मेडिकलला नंबर लागला, म्हणून क्लासच्या सरांनी तिचा घरी अभ्यास करतानाचा फोटो मागवला होता. सरजाबाईनं तो स्वतः मोबाइलवर काढला होता, खोलीतल्या ट्यूबलाइटखाली. फ्लेक्सवर मात्र खोली काळीकुट्ट, पोरीपुढं कंदील आणि तिच्या एका गालावर पिवळाधमक उजेड.

कंदील सरजाबाईला कुणी शिकवायला नको होता. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये तिनं कंदिलापाशी बसून दहावीचा अभ्यास केला होता. धुरानं डोळे चुरचुरायचे. नापास झाली आणि शाळा सुटली ती सुटलीच. लेकीच्या वाट्याला हे यायचं नाही, म्हणून घरात पोटाला चिमटा बसला तरी तिनं लाइटबिल कधी थकू दिलं नाही. त्या सगळ्यावर कुणीतरी बसल्या जागी बोळा फिरवला होता. वर शेजारीण विचारत होती, तुमची लाइट कधी कापली होती?

ती तडक फ्लेक्सच्या दुकानात गेली. काम तिथल्या अकरमनं केलेलं. तो बिचारा कौतुकानं कॉम्प्युटरवर दाखवायला लागला: ट्यूबचा पांढरा उजेड कसा मारला, ज्योतीचा रंग गालावर नि वहीवर कसा चढवला, सावली मागं कशी पाडली. खरं वाटावं म्हणून डोळ्यांच्या बाहुल्यांतसुद्धा ज्योतीचा ठिपका ठेवला होता.

"लई खरं वाटायलंय, तेच तर दुखणं हाय," सरजाबाई म्हणाली. "माज्या घरी लाइट न्हाई व्हय?"

अकरमनं सरांना फोन लावून दिला. असा फोटो पाहून गरिबाघरच्या पोरांना हुरूप येतो, असं सरांनी तिला गोडीत समजावलं. ती बधेना, तेव्हा म्हणाले, बरं, कंदील काढून नवा फ्लेक्स लावतो.

दुसऱ्या दिवशी नवा फ्लेक्स छापायच्या आधी बघायला ती अकरमच्या दुकानात गेली. कंदील गेला होता, पण ट्यूबलाइट परत आली नव्हती. खोली तशीच अंधारी. वर कोपऱ्यात सरांचा हात जोडलेला फोटो, तोंडाभोवती सोनेरी तेज, आणि तेच तेज खाली महामायाच्या कपाळावर उतरलेलं.

"पोरीला काढ त्यातून," सरजाबाई म्हणाली.

"मावशी, मग नुसते सरच राहतेत."

"राहू दे. त्यांचा उजेड कुणावर पडतो ते बघू दे लोकायला."

ती स्टूल ओढून बसली आणि पोरगी पुसली जाईपर्यंत उठली नाही. पडद्यावर सर उरले, रिकाम्या खोलीपुढं हात जोडून.