एकोणिसांतली एक जागा

अँब्रोज पिटमन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला तेव्हा मार्च संपत आला होता आणि खाडीत अजून बर्फ होता. स्क्रेप कोव्हमध्ये खेकड्यांचा कारखाना एकच, तो त्याचा. आधी त्याच्या बापाचा, त्याआधी आजाची मासळीची वखार. माझ्या आजोबांनी त्याच्या आजाला टोपी काढून सलाम केला, माझ्या वडिलांनी त्याच्या बापाला. मी टोपी घालत नाही, म्हणून चहा केला. डब्यातलं घट्ट दूध घालून, तो घेतो तसा.

त्याने टेबलावर एक कागद ठेवला.

"स्टेशा, नव्या यंत्रांसाठी सरकारकडे अनुदान मागितलंय. गावाचा पाठिंबा आहे असं कुणीतरी लिहून द्यावं लागतं. बायका तुझं ऐकतात. मी टाइप करूनच आणलंय, तुला उगाच त्रास नको."

"किती काळजी घेता हो स्किपर," मी म्हणाले. कारखान्याच्या मालकाला आमच्याकडे स्किपरच म्हणतात.

न वाचता सही केली असं मी सांगू शकले असते. आमच्याकडे पिटमनांनी पुढे केलेला कागद वाचायची पद्धत नाही, लोकांनी विश्वासही ठेवला असता. पण मी चष्मा लावला आणि सगळं वाचलं. 'मी या कारखान्यात सत्तावीस सीझन खेकडे फोडले आहेत. माझ्यासारख्या बायका आता थकल्या आहेत आणि गावात तरुण माणसं उरलेली नाहीत. यंत्रांमुळे माणसं कमी लागली तर आमची तक्रार नाही. उलट सुटकाच होईल.'

"कमी म्हणजे किती?"

"एकोणीस राहतील."

"आम्ही चौऱ्याहत्तर आहोत."

"मोजता येतं मला," तो म्हणाला. मग कप खाली ठेवून हळू आवाजात म्हणाला, "डारलीन त्या एकोणिसांत असेल. पिटमनचा शब्द आहे."

डारलीन माझी मुलगी. अकरा वर्षं ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात होती, तेलखाणींच्या छावणीत स्वयंपाक करायची. माझी नात केली तिकडेच जन्मली आणि मी तिला बोलायला लागलेली, चालायला लागलेली, दात पडलेली, सगळी फोनच्या काचेतून पाहिली. दोन वर्षांपूर्वी दोघी परत आल्या. कारखान्यात खेकड्यांच्या सरकत्या पट्ट्यावर डारलीन माझ्या शेजारी उभी राहू लागली. इथे सीझनचे तास भरले तरच हिवाळ्यात बेकारभत्ता मिळतो, आणि भत्ता मिळाला तरच माणूस गावात राहतो. तास गेले की पुन्हा विमान. दुसरं काही नाही इथे.

मी सही केली. पेनसुद्धा त्याचंच होतं.

जूनमध्ये मंत्री आले. चर्चच्या हॉलमध्ये दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक धरून फोटो काढले. 'नोकऱ्या टिकवण्यासाठी' असं ते भाषणात चार वेळा म्हणाले. ब्राइडने खेकड्याच्या आकाराचा केक केला होता. ब्राइड माझ्याबरोबर पट्ट्यावर लागलेली, त्याच वर्षी, त्याच आठवड्यात. मंत्र्यांनी केकचा एक डेंगा खाल्ला आणि हेलिकॉप्टरने निघून गेले. डारलीन माझ्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या.

ऑक्टोबरात सीझन संपल्यावर डारलीन माझ्या टेबलावर कॉम्प्युटर घेऊन बसली. हॉलचं छप्पर गळत होतं, त्याला कुठून मदत मिळते का ते ती शोधत होती. सरकार दर तीन महिन्यांनी इंटरनेटवर यादी लावतं. कुणाला किती पैसे दिले, कशासाठी दिले, त्यातून काय व्हायचंय, सगळं त्यात असतं.

"आई, पिटमन सापडला बघ. ऐक. 'प्रक्रिया विभागाचं आधुनिकीकरण. अपेक्षित परिणाम: मनुष्यबळ चौऱ्याहत्तरवरून एकोणीसवर.'" तिने मान वर केली. "हे जूनमध्ये कुणी बोललं नाही."

"सरकारी भाषा असते ती."

"आणि आकडे कुठल्या भाषेतले आहेत?"

मी बटाटे सोलत राहिले. सरकारने काही लपवलं नव्हतं. साऱ्या जगाला दिसेल अशा जागी लावलं होतं. आमच्यातलं कुणी तिथे जाऊन वाचेल, एवढीच कल्पना कुणी केली नव्हती. त्या यादीचा मला असा राग आला की काय सांगू. स्वतःचा यायला हवा होता, पण तो असा लवकर येत नाही.

डारलीनने पाच डॉलर भरून अर्ज केला, की पिटमनने सरकारला दिलेले सगळे कागद दाखवा. मी म्हटलं, कशाला त्या भानगडीत पडतेस, मोठ्या लोकांशी वैर नको. ती म्हणाली, "चौऱ्याहत्तर बायांनी टाळ्या वाजवल्यात आई. कशासाठी वाजवल्या ते कळू दे."

पाकीट फेब्रुवारीत आलं. मला तिने दाखवलं नाही. रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांना हॉलमध्ये थांबायला सांगितलं. पन्नास-साठ बायका होत्या, थोडे पुरुष मागे भिंतीला टेकून उभे होते. डारलीनने एकेक पान वर धरून दाखवलं. सगळी काळी. वरपासून खालपर्यंत शाईच्या पट्ट्या.

"ही कंपनीची खासगी माहिती आहे म्हणे," ती म्हणाली.

"बाई गं, एवढ्या काळ्यात होडी रंगवून झाली असती," मागून एकजण म्हणाला आणि लोक हसले.

"एकच पान आख्खं आहे. गावाच्या पाठिंब्याचं पत्र. नाव आणि सही तेवढी झाकलीय, माणसाचा खासगीपणा जपायला."

तिने वाचलं. सत्तावीस सीझन, थकलेल्या बायका, आमची तक्रार नाही, सुटकाच होईल. तिने पुन्हा वाचलं.

"सत्तावीस सीझन," कुणीतरी बोटांवर मोजायला लागलं. "म्हणजे ती मोठ्या वादळाच्या वर्षी लागलेली बॅच. त्यात तिघीच होत्या. स्टेशा, ब्राइड आणि मेरी फोली."

"मेरीला चार वर्षं झाली पुरून."

सगळ्या माना ब्राइडकडे वळल्या. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. पत्र शोधून आणणारी माझीच लेक होती, आणि स्वतःच्या लेकीच्या पोटावर कोण पाय देईल?

"गुडघे गेले, गुडघे गेले, असं वर्षभर कोण रडतंय?" एक तरुण बाई म्हणाली. "केकही हिनेच केला मंत्र्याला. आता कळलं का ते."

"अगं, माझे गुडघे दुखतात म्हणून मी तुमचे तास विकीन?" ब्राइड उठून उभी राहिली. "मला दोन वर्षं तरी हवेत अजून ते तास, घरात माणूस अंथरुणाला खिळलाय माझा. स्टेशा, तू सांग यांना. तू ओळखतेस मला."

मी माझ्या हातांकडे बघत बसले. एवढ्या वर्षांच्या खेकड्यांनी बोटांवर पडलेले चरे मला चांगले दिसत होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर डारलीनला कळलं असतं, आणि कळल्यावर ती इथे राहिली नसती.

डारलीनने तिसऱ्यांदा वाचलं, अगदी सावकाश. मग ब्राइडने कोट घेतला. चुकून उलट्या बाहीत हात घातला, काढला, पुन्हा घातला, आणि बाहेर गेली. कुणी तिला थांबवलं नाही.

घरी आल्यावर डारलीनने ते पान माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

"पट्टी नीट मारली नाही त्यांनी. सही झाल्यावर तू खालून मागे ओढतेस ती रेघ बाहेर राहिलीय. बारा वर्षं माझ्या प्रगतिपुस्तकावर बघितलीय मी ती."

मला खुर्ची ओढायचंही भान राहिलं नाही. "तुला माहीत होतं? मग तिथे का नाही बोललीस?"

"तीनदा वाचलं, आई. तिसऱ्यांदा तर तुझ्याकडे बघून वाचलं. तू आता उठशील, आता उठशील असं मला वाटत होतं."

"तुझ्यासाठीच केलं मी ते!" मी ओरडले. "एकोणिसांत तुझं नाव आहे. त्याने शब्द दिलाय मला. माझं काय, मी आज आहे उद्या नाही. तुला अजून किती वर्षं काढायचीत. केलीला मी पुन्हा फोनमध्ये बघायची का?"

हे तिला माहीत नव्हतं. तिच्या तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला.

"म्हणजे ब्राइड मावशी घरी बसणार," ती म्हणाली, "आणि मी यंत्रापाशी उभी राहणार. रोज. सगळ्यांच्या दारावरून कामाला जाणार."

"लोक विसरतात गं."

"मी नाही विसरणार," ती म्हणाली आणि वर केलीकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी ब्राइडकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती सलगम सोलत होती, सोलतच राहिली. रडली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी उठले तेव्हा तिने फक्त साली गोळा केल्या. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. दुकानात माझ्याशी बोलायचं लोकांनी बंद केलं, त्याबद्दल मी काय तक्रार करणार?

एप्रिलमध्ये डारलीन आणि केली अल्बर्टाला गेल्या. विमानतळावर डारलीनने मला मिठी मारली, पण हात लगेच काढून घेतले. केली विचारत होती, आजी का नाही येत आपल्याबरोबर.

मेच्या पहिल्या सोमवारी कारखान्याच्या फाटकावर यादी लागली. एकोणीस नावं. माझं नव्हतं, ते मला गेल्या वर्षीच्या मार्चपासूनच ठाऊक होतं, तरी मी गेले. सातवं नाव डारलीनचं होतं. पिटमनने शब्द पाळला होता.

शेजारी ब्राइड येऊन उभी राहिली. तिने वरून खालपर्यंत यादी वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. तिचं नाव नव्हतं. फेब्रुवारीनंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

"तुझ्या लेकीचं नाव आहे गं," ती म्हणाली. "कळव तिला."