विसाराची रोपं

रजियाच्या रोपवाटिकेत, शेडनेटखाली उसाची रोपं तयार होऊन उभी होती. देवळाली प्रवराच्या भागवतनं विसाराचे पैसे आगाऊ देऊन, उसाची जात ठरवून ती सांगितली होती. रजियानं शब्द पाळला. न्यायची वेळ आली तेव्हा मात्र भागवत "उद्या येतो, उद्या येतो" करत बसला. ट्रेच्या कपात मुळं गोल गोल गुंडाळत चालली. आणखी उशीर झाला असता, तर रोप रानात लावूनही धरलं नसतं.

अशात सुनील नावाचा शेतकरी सगळीच रोपं उचलायला तयार झाला. रजियानं भागवतला फोन लावला.

"भाऊ, नको असतील तर सुनीलला देते. तुमचा विसार परत घ्या."

"अजिबात न्हाई! माल माझा हाय."

"मग घेऊन जा ना!"

"रान मोकळं न्हाई अजून. थांबा की जरा."

तिनं सुनीलला नाही म्हणून सांगितलं. पण एकाला कबूल केलेला माल दुसऱ्याला दिला, तर उद्या तिच्या दारात कोण येणार? शेवटी तिनंच टेम्पो केला, रोपं भरली आणि भागवतच्या फाटकापाशी नेली.

भागवत बाहेर आला, पण माल उतरवून घेईना. खरं काय ते त्याच्या बायकोनं, आरतीनं सांगितलं. भावाभावांत वाटणीचा दावा चालू होता, निकाल लागेपर्यंत रानात काही लावायला कोर्टाची मनाई होती. रोपं परत पाठवली, तर भागवतनं रानावर पाणी सोडलं असं भाऊबंद म्हणणार.

"घेता का सोडता? एवढंच बोला," रजिया म्हणाली.

भागवत मान खाली घालून घरात गेला.

तिनं ट्रे फाटकातल्या लिंबाखाली उतरवले. "माल पोचवला. माझं काम झालं," असं आरतीला सांगून ती टेम्पोत बसली. पण सावली सरकली होती आणि कडेच्या रोपांची पानं वळायला लागली होती. ती पुन्हा खाली उतरली आणि तिनं टाकीचा पाइप ओढला.

दुसऱ्या दिवशीही ती आली. आरती म्हणाली, "भाभी, माझा भाऊ कोपरगावाहून ट्रॅक्टर घेऊन येतोय. त्याच्या रानात लावील. तवर पाणी मी घालते." रजियानं पाइप तिच्या हातात दिला.

तेवढ्यात घरातून भागवत ओरडला, "एक ट्रे जरी हालला, तर परत या घरात यायचं न्हाई!"

आरतीच्या हातातून पाइप गळून पडला. पाणी मातीतून वाहत राहिलं. रजियानं तो उचलला.

कोपरगावचा ट्रॅक्टर आला, फाटकाबाहेरूनच परत गेला. रोपं बुडातून पिवळी पडत गेली. सगळी मरेपर्यंत रजिया पाणी घालायला येत होती आणि आरती तिला फाटक उघडून देत होती.