मफिनचा काटा

मी एक जुना काटा आहे. काट्या-चमच्यांतला काटा. माझा एक दात वाकडा आहे आणि पाठीवर हिरव्या रंगाचा डाग आहे. तो डाग कसा पडला हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मला तळपाय नाहीत, पण राग आहे आणि तो भरपूर आहे. मित्रांनो, तुम्हाला गोडगोड कहाणी ऐकायची असेल, तर त्या काचेच्या फुलदाणीकडे जा.

एका कारखान्यात पोलादाच्या पत्र्यातून मला कापलं, ठोकलं, चकचकीत केलं. भावंडांसह खोक्यात बसून मी या घरी आलो. भावंडं हळूहळू गेली, कुणी केराबरोबर, कुणी शेजाऱ्यांच्या डब्याबरोबर. मी राहिलो, कारण या घरच्या आईने मला निवडलं होतं.

आई घरी इंग्लिश मफिन करायची. कपात फुगतात ते गोड मफिन नव्हेत. हे चपटे आणि गोल, यीस्ट घालून फुगवलेल्या सैल पिठाचे, रवा भुरभुरलेल्या तव्यावर मंद आचेने दोन्ही बाजूंनी भाजलेले. ते निवले की माझं काम सुरू. मफिनला सुरी लावायची नाही, हा आईचा कायदा होता. सुरीने आतला भाग गुळगुळीत होतो आणि लोणी घरंगळून जातं. म्हणून ती मला कडेने टोचत टोचत गोल फिरवायची आणि मग मफिन हाताने हलकेच उकलायची. आत ही भोकं, हे खड्डे! लोणी त्यांत मुरून बसायचं. "याला कुणी हात लावायचा नाही, हा माझा मफिनचा काटा," असं ती पाहुण्यांनाही बजावायची. तेव्हा माझी छाती फुगायची.

मग आई घसरून पडली आणि तिच्या उजव्या मनगटातला जोर गेला. पीठ मळणं तिच्या मुलाकडे आलं. त्याला मी पटकनराव म्हणतो, कारण त्याला जगातली प्रत्येक गोष्ट पटकन हवी असते. मळायचा तो, तव्यावर उलटायचा तोच. आईकडे एकच काम उरलं: टेबलाशी बसून, मला डाव्या मुठीत धरून मफिन उकलणं. वेळ लागायचा. पण तेवढा वेळ ती स्वयंपाकघराची मालकीण असायची आणि "आच कमी कर, जळतोय!" असं त्याला दटावायची.

एका सुट्टीच्या सकाळी पटकनरावाने गॅलरीचा कठडा रंगवायला काढला. पेचकस शोधायचा कंटाळा आला, म्हणून त्याने मला उचललं आणि माझे दात रंगाच्या डब्याच्या झाकणाखाली खुपसले. दात वाकला. झाकण निघाल्यावर मला तिथेच रंगात टाकून तो मफिन भाजायला आत गेला.

दार उघडं होतं, म्हणून मी सगळं ऐकलं.

"माझा काटा कुठाय?" आईने विचारलं.

"अगं, ड्रॉवरभर काटे आहेत. आणि काटा हवाय कशाला? तू बस, मी सुरीने पटकन कापतो. हे बघ, झालेसुद्धा!"

मग आईचा आवाज असा चढला, की तसा मी कधी ऐकला नव्हता.

"पीठ तुझं, तवा तुझा. मला एवढंच उरलं होतं रे! तेही काढून घेतलंस. आता काय नुसती बसून राहू?"

"आई, तुला त्रास नको म्हणून..."

"मी मागितला होता आराम? काटा आण माझा!"

पटकनराव आला आणि मला बराच वेळ घासत उभा राहिला. दात स्वच्छ झाले, पाठीवरचा डाग काही निघाला नाही. सुरी न लागलेला एक मफिन अजून तव्यावर होता. तो निवल्यावर आईने मला मुठीत धरलं आणि टोचायला सुरुवात केली. वाकडा दात मध्येच अडकत होता. मदतीला त्याचा हात पुढे आला, तर तिने माझ्या पाठीने त्याच्या बोटांवर एक फटका हाणला. त्यात माझाही जोर होता.

मित्रांनो, काटे-चमचे जपा, भलत्या कामाला लावू नका, हे तर मी सांगतोच. पण त्याआधी एक ऐका. थकलेल्या माणसाच्या हातातलं काम "तू बस" म्हणत हिसकावून घेऊ नका. निदान विचारा तरी!

माझा राग अजून उतरलेला नाही. आज पुन्हा मफिन झाले आहेत. आई मला कडेने फिरवते आहे, सावकाश, तिला हवं तसं. पटकनराव समोर बसला आहे, हात मांडीवर, भूक लागलेली. थांबू दे त्याला.