मिथेनकाकांचा ग्रह

विभागात सगळे त्यांना पाठीमागे मिथेनकाका म्हणत. समोर अर्थातच सर. दूरच्या कुठल्याही ग्रहाचा प्रकाश दाखवा, सरांना त्यात मिथेन दिसायचाच.

हा नवा ग्रह तर आपल्या ताऱ्याला चिकटून फिरणारा, भट्टीसारखा तापलेला वायूचा गोळा. ताऱ्याचा प्रकाश त्याच्या हवेतून गाळून येतो. कुठले रंग वाटेत अडले ते पाहून हवेत काय काय आहे, याचा अंदाज संगणकावरच्या मॉडेलने बांधायचा; सरांचं मॉडेल वेगळं, धाकटीचं वेगळं. धाकटीने, म्हणजे गटातल्या सगळ्यात नव्या पोरीने, वर्षभर खपून हा अंदाज काढला होता: पाण्याची वाफ आहे, कार्बन मोनॉक्साइड आहे, मिथेन नाही. इतक्या धगीत तो टिकणार तरी कसा? शोधनिबंध आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता आणि सर अडून बसले होते.

"माझ्या मॉडेलला दिसतोय ना? मग आहे!"

धाकटी गोड हसली. "सर, एक कोडं सोडवता? खोटा ग्रह केलाय."

गटाची ही जुनी रीतच होती. एकाने मनचा प्रकाश रचायचा, दुसऱ्याने त्यातली हवा ओळखायची. सरांनी बाह्या सरसावल्या. चहा निवायच्या आत उत्तर हजर.

"मिथेन! बघ, कसा ठसठशीत!"

"सर, ह्या ग्रहाला हवाच नाही. नुसता दगड आहे. कुठलाच रंग अडलेला नाही, म्हणून मी आलेखात सरळ रेघ ओढली आणि वर थोडी खरखर शिंपडली."

शेजारच्या टेबलावर गटातलीच एक थोरली ताई बसली होती, तिला ठसका लागला. सर कानापर्यंत लाल झाले; पण लगेच त्यांचे डोळे लुकलुकले. "शहाणे, आता हाच दगड तुझ्या मॉडेलला चार."

चारला. मॉडेलने ढेकर दिला: कार्बन मोनॉक्साइड!

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. दोघं डोकं लावून बसली, तेव्हा चोर सापडला. कुठला वायू कमीत कमी किती धरायचा, हे मॉडेलला आधी सांगावं लागतं. दोघांनीही आपापल्या लाडक्याची ही मर्यादा इतकी वर ठेवली होती, की बिचाऱ्या संगणकाला 'अजिबात नाही' म्हणायची सोयच उरली नव्हती.

"घरी माझी हीच अवस्था आहे," सर पुटपुटले.

मर्यादा खाली ओढली. दगड दगडच निघाला. मग खऱ्या ग्रहाची पाळी. धाकटीने मनातल्या मनात देवाला हात जोडले. वाफ टिकली. कार्बन मोनॉक्साइडही टिकला, जरा अंग चोरून. मिथेनचा मागमूस नव्हता.

सर पडद्यापासून मागे सरले. "पाठव. पण 'मिथेन नाही' असं तोडून लिहू नकोस हं. 'अजून आढळला नाही' असं लिही."

"अजून?"

"अगं, म्हाताऱ्याला तेवढी तरी आशा ठेव!"

धाकटीने 'अजून' लिहिलं. सर वळताच ताईने खुणेने विचारलं, खोडू का? धाकटीने डोळे वटारले आणि निबंध पाठवून दिला.