किटण

बाबल्याच्या तोंडाला वास येत होता, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. नऊ वर्षांचा तो कुत्रा चारकोपच्या त्या दोन खोल्यांत जिथे बसे, तिथे कुजलेल्या मासळीसारखा जड दर्प रेंगाळत राही. मागच्या दाढांवर तपकिरी किटणाचे इतके थर चढले होते, की दाढ कुठे संपते आणि किटण कुठे सुरू होते ते कळत नसे. वनमालाला त्या वासाची सवय झाली होती. तिच्या मुलाला, सुयोगला, तो आता सहन होत नव्हता. त्याची बायको श्वेता बाळंतपणासाठी मुलुंडला माहेरी गेली होती; मुलगी झाली होती, आणि सव्वा महिना होताच मायलेकी घरी येणार होत्या. तोवर वास गेला तर कुत्रा राहील, नाही तर त्याला दहिसर चेकनाक्यापलीकडे चंद्रप्रकाश नावाच्या माणसाच्या शेडमध्ये पोचवायचे, असे सुयोगने सांगून टाकले होते. शेडचा फोटो त्याने आईला मोबाइलवर दाखवला होता. चाळीसेक कुत्री होती, पत्र्याखाली, एकेका पिंजऱ्यात तीन-तीन. फोटोत एकही कुत्रे कॅमेऱ्याकडे पाहत नव्हते.

हेच पिल्लू नऊ वर्षांपूर्वी सुयोगने डब्याच्या पिशवीतून घरी आणले होते. वनमालाने त्याला त्याची आठवण करून दिली नाही. ती कुत्र्याला घेऊन मालाडच्या जनावरांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी ओठ उचलून पाहिले आणि सांगितले, की भूल देऊन, यंत्राने, हिरड्यांच्या आतपर्यंत साफ करावे लागेल. एखाद-दुसरी दाढ काढावीही लागेल. घरी खरवडू नका, असेही त्यांनी बजावले. किटण वाईट असते, पण हललेल्या दाढेला कधी कधी तेच धरून ठेवते.

नंदकिशोरने, तिच्या नवऱ्याने, हे सगळे ऐकून घेतले आणि चष्मा काढून पुसला. चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात त्याने अडतीस वर्षे डाय पॉलिश केले होते. बाटल्यांची झाकणे ज्या पोलादी साच्यांत घडतात त्या साच्यांना तिथे डाय म्हणत, आणि त्यांच्या आतल्या अंगाला आरशासारखी झिलई आणणे हे त्याचे काम होते. कुत्र्याच्या चार दाढांसाठी भूल द्यायची, हे ऐकून त्याला अपमान झाल्यासारखे वाटले.

"मी करतो," तो म्हणाला. "अडतीस वर्षांत माझा हात सटकला नाही."

हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होते. गाळ्यात 'हात सटकला' हा शब्द शिवीपेक्षा वाईट मानला जाई. तो एकदा ज्याच्या नावाला चिकटला त्याच्यापुढे पुन्हा तयार डाय ठेवला जात नसे. नंदकिशोरने दोन वर्षांपूर्वी काम सोडले ते आपणहून, असे त्याने घरी सांगितले होते. खरी हकीकत वनमालाला त्याचा जोडीदार बाळा याने मच्छीबाजारात सांगितली होती. पॉलिश होऊन गेलेल्या डायवर ओरखडा उमटला होता, लांबलचक. मालक काही बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने नंदकिशोरला पेट्या मोजायला बसवले, आणि आठवड्याने नंदकिशोरने काम सोडले. आपल्याला हे ठाऊक आहे, असे वनमालाने नवऱ्याला कधी कळू दिले नव्हते.

तिकोनी कानशीचे मोडके टोक घासून त्याने एक बारीक स्क्रेपर तयार केला. त्यात त्याचे तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत तो वेळेवर जेवला, एकदाही चिडला नाही, आणि धार नखावर लावून पाहताना त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते वनमालाने बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. तिने डॉक्टरांचे बोलणे पुन्हा काढले नाही, त्यामागे हेही एक कारण होते. दुसरे कारण शेडचा फोटो.

रविवारी सकाळी गॅलरीत उजेड चांगला होता. वनमाला पाटावर बसली, बाबल्याने नेहमीप्रमाणे तिच्या मांडीवर हनुवटी टेकली. तिने डाव्या हाताच्या अंगठ्याने त्याचा ओठ वर सरकवला आणि उजव्या हाताने जबडा धरला. नंदकिशोर भिंगाचा चष्मा लावून समोर उकिडवा बसला. पहिला पोपडा फार सहज निघाला. शिंपल्याच्या तुकड्यासारखा तो खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर पडला आणि नंदकिशोरने तो चिमटीत धरून बायकोला दाखवला. खालून दाढेचा पिवळसर पांढरा पृष्ठभाग दिसत होता. तिलाही बरे वाटले.

अर्ध्या तासात बाहेरून दिसणारे किटण निघाले होते. तिथे थांबता आले असते. पण डाय साफ झाला की नाही हे नंदकिशोर डोळ्यांनी ठरवत नसे, कानांनी ठरवत असे. मळ असेल तोवर स्क्रेपरचा आवाज भरड येतो. निखळ धातूला टेकला की तो बारीक आणि लांब होतो. तो त्या आवाजाची वाट पाहत होता. दाढेच्या मुळाशी, हिरडीच्या कडेला, आवाज अजून भरडच होता. त्याने टोक हिरडीखाली घातले.

बाबल्याचे सगळे अंग एकदम ताठ झाले. मग तो कण्हू लागला, तोंड बंद न करता, कारण ते बंद करण्याची मुभा त्याला नव्हती. वर्तमानपत्रावर लाल लाळ ठिबकू लागली.

"सोडू का जरा?" वनमालाने विचारले.

"आता सोडलंस तर परत धरू देईल का तो? घट्ट धर गो."

तिने घट्ट धरले. त्याच्या मागच्या पायांची नखे फरशीवर घसरत होती, आणि तीही तिने आपल्या पायांखाली दाबून धरली. ती त्याच्या कानाशी पुटपुटत होती, झालं रे मेल्या, झालं, आणि झाले नव्हते. एका बाजूच्या दाढा झाल्यावर तिने स्वतःच त्याची मान वळवून दुसरी बाजू नवऱ्यापुढे केली. कुत्र्याने एकदा तिच्याकडे पाहिले. त्याने दात मिटले नाहीत. इतक्या वेळात त्याने एकदाही दात मिटले नव्हते.

शेवटच्या दाढेवर स्क्रेपर रक्तावरून निसटला आणि वनमालाच्या अंगठ्याच्या बुडाशी, हाडापर्यंत गेला.

तिचे दोन्ही हात सुटले, कोपराचा धक्का लागून शेजारचे पाण्याचे भांडे फरशीवर पडले. बाबल्या उठून पळू शकला असता. पण 'ऊठ' म्हटल्याशिवाय उठायचे नाही हे तिनेच त्याला लहानपणी शिकवले होते; त्याने तिच्या मांडीवर पुन्हा हनुवटी टेकली आणि तो थरथरत तसाच राहिला.

भांडे पडल्याच्या आवाजाने सुयोग आतून आला. आईचा हात रक्ताने भरलेला, कुत्र्याचे तोंड रक्ताने भरलेले. त्याने बापाकडे पाहिले.

"चावला?"

नंदकिशोर स्क्रेपर फडक्याने पुसत होता. त्याने तो नीट पुसला, आधी पाते, मग मूठ. 

"हो," तो म्हणाला. "तोंडातच हात होता ना तिचा."

वनमालाने मान वर केली. नवऱ्याचे कान लाल झाले होते. मुलासमोर त्याला खोटे पाडणे तिला त्या क्षणी सुचले नाही. बत्तीस वर्षांत ते तिने कधी केले नव्हते. संध्याकाळपर्यंत तोच सांगेल, असे तिला वाटले.

पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुऊन पाहिली. दात सहसा इतका सरळ लागत नाही, असे ते अर्धवट स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी तिच्याकडे पाहिले. सुयोग शेजारी उभा होता.

"दातच," वनमाला म्हणाली.

मग जखमेच्या कडेकडेने औषध टोचण्यात आले. ते मूळ जखमेपेक्षा जास्त दुखले. दंडात पहिले इंजेक्शन दिल्यावर सिस्टरने कार्डावर पुढच्या तारखा लिहून दिल्या, एकूण पाच. कुत्रा पाळलेला आहे ना, मग दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा, असे तिने बजावले. दूर पाठवू नका, तो आजारी पडला किंवा मेला तर लगेच कळवा. त्यामुळे बाबल्याला त्या घरात आणखी दहा दिवस मिळाले. सुयोगने बाहेरूनच चंद्रप्रकाशला फोन करून अकराव्या दिवसाची वेळ ठरवली. लहान मुलीच्या घरात चावरे कुत्रे ठेवणे शक्यच नव्हते. वासाचा प्रश्न आता उरला नव्हता.

नंदकिशोरने त्या संध्याकाळी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतः तिला दुसऱ्या इंजेक्शनला घेऊन गेला, रांगेत तिच्यासाठी बाकावर जागा धरली, येताना तिला शहाळे पाजले. स्वयंपाकघरात दोघेच असताना तिने एकदा सुरुवात केली, की अहो, त्या दिवशी. तो लगेच म्हणाला, की पाणी गरम झाले असेल, आणि उठला.

बाबल्या गॅलरीच्या ग्रीलला बांधलेला होता. त्याचे दात पांढरेशुभ्र दिसत होते. त्याला चावता येत नसे. वनमाला सुकटीच्या पाण्यात भात कालवून त्याच्यापुढे ठेवी आणि तो जिभेने ओढून घेई. पाचव्या दिवशी ताटलीत एक दाढ सापडली. सातव्या दिवशी दुसरी. हिरड्या भरत आल्या तसा तोंडाचा दर्पही ओसरला, इतका की आठव्या दिवशी सुयोग गॅलरीच्या दारात क्षणभर थांबला आणि म्हणाला, "वास गेला खरा." त्याच्या आवाजात किंचित खेद होता. पाट घ्यायला वनमाला वाकली की मात्र कुत्रा कोपऱ्यात सरकून मुतायचा. तिने पाटावर बसणे सोडले.

अकराव्या दिवशी सकाळी चंद्रप्रकाश टेम्पो घेऊन आला. पन्नाशीचा, शांत, चपला दाराबाहेर काढून आत येणारा माणूस होता. त्याने विचारले, कितीदा चावलाय. त्यावरून त्याला कुठे ठेवायचे ते ठरत असे. चावरी कुत्री वेगळी, एकेकटी ठेवावी लागत.

वनमाला ओट्यापासून वळली.

"तो चावला नाही," ती म्हणाली. "एकदापण नाही. ह्यांचा हात सटकला."

 नंदकिशोर खुर्चीत होता. त्याने आपले हात मांडीवर पालथे ठेवले होते.

सुयोग आईजवळ आला. तो रागावला नव्हता. फ्रिजवर चुंबकाने लावलेले दवाखान्याचे कार्ड त्याने काढले आणि तिच्यापुढे धरले.

"आई, मग ही तीन इंजेक्शनं कशाला घेतलीस? डॉक्टरांनी माझ्यासमोर विचारलं ना तुला."

तिच्याजवळ उत्तर होते, पण ते नवऱ्याच्या तोंडून यायला हवे होते. तिने त्याच्याकडे पाहिले. सुयोगनेही पाहिले.

"कुत्र्यावर जीव आहे तिचा," नंदकिशोर म्हणाला. "बोलणारच."

सुयोगने आईच्या खांद्यावर हात ठेवला, समजुतीने. तिला त्याच्या त्या समजुतीचा राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळले नाही.

चंद्रप्रकाशने मुसके पुढे केले. ते तिनेच बांधावे, दुसऱ्याला तो जवळ येऊ देणार नाही, असे सुयोग म्हणाला. वनमालाने ते घेतले. ती उभ्यानेच वाकली, पण पट्टा हनुवटीखालून घालायला खाली बसावे लागले, आणि तिची मांडी दिसताच बाबल्या थरथरू लागला. तरी तो पुढे आला. त्याने तिच्या मांडीवर हनुवटी टेकली आणि तोंड उघडले, त्या रविवारसारखे, जितके उघडता येईल तितके.

"गरीब दिसतो की," चंद्रप्रकाश म्हणाला.

तिने पट्टा आवळला. ऊठ, असे तिला म्हणावे लागले.

चौदाव्या दिवशी ती दवाखान्यात एकटी गेली. सिस्टरने कार्ड पाहिले आणि कुत्रा कसा आहे ते विचारले. जिवंत आहे, वनमाला म्हणाली. मग सिस्टरने सांगितले, की दहा दिवसांनंतरही कुत्रा ठणठणीत असेल तर उरलेली दोन इंजेक्शने नाही घेतली तरी चालतात.

"नाही," वनमाला म्हणाली आणि तिने दंडावरची बाही वर सरकवली. "पाचही टोचा."