आधी खुर्ची

मास्तरांच्या घरच्या क्लासात पाठांतराला थारा नव्हता. नोकरीसाठी परदेशी निघालेल्या नर्सना ते तिथली भाषा प्रसंग उभे करून शिकवायचे. एक पेशंट, दुसरी नर्स, चला, बोला! अडखळलात तरी चालेल, पण गप्प बसायचं नाही.

परीक्षेत हमखास येणारा प्रसंग म्हणजे नातेवाइकाला मृत्यूची बातमी सांगणं. नातेवाईक अर्थातच मास्तर. "आधी खुर्ची! माणूस बसल्याशिवाय पुढचं वाक्य तोंडातून काढायचं नाही." खुर्ची विसरलात तर दोन मार्क गेले, रडलात तर पाच. बातमी ऐकली की मास्तर असा काही हंबरडा फोडायचे की स्वयंपाकघरातून बायको ओरडायची, "अहो, आज कितव्यांदा विधुर झालात?" सगळा वर्ग खो-खो हसायचा.

सगळ्यांत कच्ची होती पुटपुटी. तोंडातल्या तोंडात बोलते म्हणून मास्तरांनीच ठेवलेलं नाव. खुर्ची तर ती दर वेळी विसरायची. "अगं बाई, मारशील मला एक दिवस!" मास्तर वैतागायचे.

ती ज्या हॉस्पिटलात कामाला होती, तिथेच मास्तरांच्या बायकोचं हृदयाचं ऑपरेशन झालं. सकाळी आत नेताना बायको म्हणाली, "घरी जाऊन दोन घास खाऊन या." मास्तर कसले जातात! दुपारचे चार वाजले तरी ते ऑपरेशन थिएटरच्या दारासमोर उभेच होते.

दार उघडलं आणि पुटपुटी बाहेर आली. तिच्या हातात खुर्ची होती.

तिने खुर्ची नीट ठेवली आणि मास्तरांनीच शिकवलेल्या परक्या भाषेत, एकही शब्द न गिळता म्हणाली, "कृपया बसा."

"डॉक्टर कुठायत?"

"मीच सांगते म्हटलं त्यांना."

"मला नाही बसायचं. पाय धड आहेत माझे."

मास्तर भिंतीला पाठ लावून उभे राहिले. ते उभे असेपर्यंत ती पुढचं बोलणार नव्हती, नियम त्यांचाच होता. आणि ती बोलत नव्हती तोवर बायको आत जिवंत होती.

पुटपुटी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थांबली. बराच वेळ थांबली.

"सर, बसा ना हो," ती आता आपल्या भाषेत म्हणाली. "मला नाही धीर धरवत आता."

तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. पाच मार्क गेले पोरीचे, मास्तरांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

ते बसले.

"बोल बाळा," ते म्हणाले. "मोठ्याने बोल."